पत्त्याची एक फाइल

जयपूरच्या राजा पार्कात पत्ता सांगताना आधी गलीचा नंबर येतो, मग एखादी ओळखीची खूण, आणि शेवटी पिन कोड ३०२००४. फाळणीनंतर पश्चिम पंजाब आणि सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी आदर्श नगर आणि राजा पार्कचा हा भाग वसवला. आज तिथे कपड्यांची आणि लग्नाच्या पोशाखांची दुकानं दाटीनं उभी आहेत. अशा एखाद्या दुकानात पुण्याची एक ग्राहक लेहंगा पसंत करते. तो मापाचा करून पाठवायचा आहे. बिल तिच्या नावानं, कर्वे रस्त्यावरच्या घराच्या पत्त्यावर, पिन ४११००४. पार्सल मात्र लग्नघरी, पणजीला जायचं आहे. काउंटरवरच्या संगणकात दोन पत्ते भरायचे आहेत, आणि या लेखाचा विषय त्या दोन पत्त्यांत आहे.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले अधिकारी, मराठी माणूस आणि संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारे लेखक. सहा आकड्यांची त्यांची रचना आजही तशीच उभी आहे: पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन वाटप करणारं कार्यालय. राजस्थान आणि गुजरातचा पहिला आकडा ३, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा ४. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला असा सहा आकड्यांचा साचा फार सोयीचा, कारण तो तपासता येतो. पहिल्या जागी शून्य नको, अक्षरं नकोत, लांबी सहाच हवी. पण हे तीन नियम कुठे लिहायचे, असा प्रश्न लगेच उभा राहतो.

दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये पत्ता विचारणाऱ्या जागा मोजून बघा. ग्राहकाची नोंद, माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची नोंद, बिलाचा पत्ता, पार्सलचा पत्ता आणि दुकानाचा स्वतःचा पत्ता. पाचही ठिकाणी तेच रकाने: दोन ओळी, शहर, पिन, राज्य. घाईत काम करणारा माणूस पहिल्या स्क्रीनवरचे रकाने कॉपी करतो आणि उरलेल्या चार ठिकाणी चिकटवतो. त्या दिवशी काम झालेलं असतं. सहा महिन्यांनी दुकानदार म्हणतो, पिनचा रकाना जरा रुंद करा, आणि सातवा आकडा टाकूच देऊ नका. तीन ठिकाणी दुरुस्ती होते, चौथं आठवत नाही, पाचवं तर पूर्वीच कोणीतरी जरा वेगळं करून ठेवलेलं असतं. छोट्या दुकानांचे प्रोग्रॅम दहा-दहा वर्षं चालतात आणि त्यांची देखभाल बहुधा एकच माणूस करतो. त्याचे श्रम आणि दुकानदाराचे पैसे अशा विसरलेल्या चौथ्या जागेपायी वाया जातात, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

डेस्कटॉपच्या प्रोग्रॅममध्ये स्क्रीन बांधायच्या दोन रीती आहेत. एकीत प्रत्येक बटण, प्रत्येक रकाना कोडात ओळीनं तयार करायचा. दुसरीत स्क्रीनचं वर्णन वेगळ्या मजकुरी फाइलीत टॅग वापरून लिहायचं: इथे उभी रांग, तिच्यात एक लेबल, त्याखाली एक रकाना. प्रोग्रॅम चालू झाला की लोडर ही फाइल वाचतो आणि वर्णनाबरहुकूम खरे रकाने उभे करतो. जावाच्या स्वतःच्या स्क्रीन बांधायच्या टूलकिटात ही दुसरी रीत ऑक्टोबर २०११ मध्ये जावाएफएक्स २.० बरोबर आली आणि तिच्या भाषेचं नाव एफएक्सएमएल. मार्च २०१४ मधल्या जावा ८ बरोबर जावाएफएक्स घरचंच असल्यासारखं मिळायचं. २०१८ मध्ये जावा ११ पासून ते वेगळं झालं आणि ओपनजेएफएक्स या नावानं स्वतंत्र वाढतं आहे.

एफएक्सएमएलमध्ये 'एफएक्स:इन्क्लूड' नावाचा एक छोटा टॅग आहे. त्याला फक्त एक गोष्ट सांगावी लागते, कुठली फाइल आणायची. लोडर मुख्य फाइल वाचत असताना या टॅगपाशी पोचला की थांबतो, सांगितलेली फाइल उघडतो, तिच्यातला सगळा पसारा उभा करतो आणि तयार झालेला तुकडा त्या जागी बसवून पुढे जातो. म्हणजे पत्त्याचे रकाने एकदाच, पत्त्याच्या एका फाइलीत लिहायचे आणि ती फाइल पाचही ठिकाणी एकेका ओळीत बोलवायची. आमच्या लेहंग्याच्या बिलात तर एकाच स्क्रीनवर दोनदा: एकदा बिलासाठी, एकदा पार्सलसाठी.

इथे एक शंका येते. दोन्ही तुकड्यांत पिनचा रकाना आहे आणि दोघांचं नावही 'पिन' आहे, मग घोटाळा होत नाही का? होत नाही. प्रत्येक फाइल वाचताना लोडर नावांची वेगळी वही ठेवतो. आतल्या फाइलीतली नावं बाहेरच्या फाइलीत सांडत नाहीत. शिवाय प्रत्येक फाइलीला स्वतःचा कंट्रोलर असतो, म्हणजे तिच्या रकान्यांवर हुकूम चालवणारा जावाचा क्लास, आणि फाइल दोनदा बोलावली की तो क्लासही दोनदा जन्माला येतो. एक पणजीचा पत्ता सांभाळतो, दुसरा कर्वे रस्त्याचा. दोघांना एकमेकांची खबर नसते.

आता बाहेरच्या बिलाच्या स्क्रीनला या दोघांशी बोलायचं आहे. त्याची रीत जरा चमत्कारिक आहे, आणि नवख्यांचा सर्वाधिक वेळ इथेच जातो. इन्क्लूडच्या टॅगला आयडी द्यायचा, समजा 'पार्सल'. मग बिलाच्या कंट्रोलरमध्ये त्याच नावाला 'कंट्रोलर' हा शब्द जोडून, म्हणजे 'पार्सलकंट्रोलर' या नावाचं फील्ड ठेवायचं आणि त्यावर एफएक्सएमएलची खूण करायची. लोडर नावं जुळवतो आणि आतला कंट्रोलर त्या फील्डमध्ये आणून ठेवतो. नुसतं 'पार्सल' नावाचं फील्ड ठेवलं तर हाती लागतो तो दिसणारा तुकडा, त्याचा कारभारी नाही. आणि एका अक्षराची चूक झाली तर लोडर तक्रार करत नाही. फील्ड रिकामं राहतं, स्क्रीन नीट उघडते, आणि कोणीतरी 'बिल सेव्ह' दाबलं की प्रोग्रॅम कोसळतो. चूक एका जागी आणि बोंब दुसऱ्या जागी, म्हणून ती सापडायला वेळ लागतो. त्यावर सोपा उपाय आहे. बिलाच्या कंट्रोलरच्या सुरुवातीच्या 'इनिशियलाइझ'मध्येच ही फील्डं रिकामी नाहीत ना, एवढं तपासून घ्यावं. तोवर आतल्या कंट्रोलरचं इनिशियलाइझ होऊन गेलेलं असतं, कारण आतली फाइल बाहेरच्या फाइलीच्या आधी पुरी होते. त्यामुळे तिथून त्याच्याशी बोलणं सुरक्षित असतं.

दुसरा खड्डा फाइलीच्या वाटेचा. नाव नुसतं लिहिलं तर ते बोलावणाऱ्या फाइलीच्या शेजारी शोधलं जातं, आणि पुढे तिरकी रेघ दिली तर प्रोग्रॅमच्या मुळापासून. हे कळलं तरी विंडोजवर काम करणाऱ्याला एक फसवणूक सहन करावी लागते. विंडोजच्या फोल्डरमध्ये मोठ्या आणि लहान लिपीतलं इंग्रजी नाव एकच धरलं जातं, त्यामुळे घरच्या संगणकावर सगळं चालतं. पण दुकानात बसवण्यासाठी प्रोग्रॅम जार फाइलीत बांधला की तिथे अक्षराची लहान-मोठी लिपी काटेकोर पाहिली जाते आणि पत्त्याची फाइल 'सापडत नाही'. फाइलींची नावं पहिल्यापासून एकाच शिस्तीत ठेवली तर हा त्रास होत नाही. एका फाइलीनं दुसरीला बोलवायचं आणि दुसरीनं पुन्हा पहिलीला, असा फेरा पडला, तर लोडर तसा स्पष्ट संदेश देऊन थांबतो. तिथे निदान त्यानं बोलायचं ठरवलं आहे.

तिसरा खड्डा आडवाटेला आहे. मघाशी म्हटलं की नावांच्या वह्या वेगळ्या असतात. लोडरपुरतं ते खरं. पण रकान्याला दिलेला आयडी त्या रकान्याला स्टाइलशीटसाठीही चिकटतो, आणि स्क्रीन उभी राहिल्यावर सगळे तुकडे एकाच झाडाच्या फांद्या होतात. आता कोणी कोडातून 'पिन आयडीचा रकाना शोध' असं म्हटलं, तर पहिला सापडेल तो मिळतो. पार्सलचा पिन दुरुस्त करायला जावं आणि बिलाचा बदलावा, अशी ही गल्लत. आतले रकाने बाहेरून शोधायचेच नाहीत, जे हवं ते कंट्रोलरकडे मागायचं, हा नियम यातूनच येतो.

मग पत्त्याच्या कंट्रोलरनं बाहेर काय दाखवावं? माझ्या मते तीन-चार गोष्टी पुरेत: हा घे पत्ता आणि भर, भरलेला पत्ता दे, तो नीट आहे का ते सांग, आणि राज्य बदललं की कळव. बस. 'पार्सल याच पत्त्यावर पाठवा' हा चौकोन पत्त्याच्या फाइलीत घालायचा मोह फार होतो, कारण तो दिसतो पत्त्याच्या शेजारी. घालू नये. आपल्याला भावंड आहे हे पत्त्याच्या फाइलीला माहीत असायचं कारण नाही. व्यापाऱ्याच्या नोंदीत तिला भावंड नसतंच. चौकोन बिलाच्या स्क्रीनचा. त्यात खूण झाली की बिलाचा कंट्रोलर एकाकडून पत्ता घेतो, दुसऱ्यात भरतो आणि दुसऱ्याचे रकाने बंद करतो.

याहून मोठा मोह कराचा. जीएसटीत राज्याला किंमत आहे. व्यवहार राजस्थानातल्या राजस्थानात असेल तर केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा, राज्याबाहेर असेल तर एकच एकात्मिक कर. जीएसटी क्रमांकाच्या पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची: राजस्थान ०८, महाराष्ट्र २७, गोवा ३०. तेव्हा पत्त्याच्या रकान्यात राज्य निवडलं की तिथेच कर ठरवून टाकावा, असं कोणालाही वाटेल. मला ते चुकीचं वाटतं, आणि त्याचं कारण कायद्याच्याच इतिहासात आहे. नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बिलावर पत्ता लिहिलेला असेल तर मालाच्या पुरवठ्याची जागा त्या पत्त्यावरून धरायची, हे कलम १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालं. तयार कपड्यांचे दर २२ सप्टेंबर २०२५ ला बदलले: नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के, जिथे आधी सीमा १,००० रुपयांची होती आणि वरचा दर १२ टक्के. पत्ता लिहायची रीत १९७२ पासून फारशी हललेली नाही, कर मात्र दर काही वर्षांनी हलतो. ज्या गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी बदलतात त्या एका फाइलीत कोंबल्या, तर कराच्या प्रत्येक बदलाला पाचही पत्ते पुन्हा तपासावे लागतील. पत्त्यानं 'राज्य बदललं' एवढंच कळवावं, कर बिलानं ठरवावा.

पिनवरून राज्य आपोआप भरणं मात्र पत्त्याचं स्वतःचं काम आहे, आणि तिथे बारकाई हवी. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ नं सुरू होतात, म्हणून पहिले दोन आकडे पाहून राज्य लिहिणारे प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. गोव्याचे पिन ४०३ नं सुरू होतात. अशा प्रोग्रॅममध्ये पणजीचं पार्सल महाराष्ट्रात नोंदलं जातं आणि राज्याचा कोड चुकतो. तीन आकडे पाहावेत, सुचवलेलं राज्य माणसाला बदलता यावं. आणि रकान्यांना 'गली' किंवा 'पेठ' अशी नावं देऊन त्यांना एका शहरात अडकवू नये. राजा पार्कची गली, पुण्याची पेठ आणि गोव्याचा वाडा यांना 'पत्ता, ओळ १' आणि 'ओळ २' यांत सुखानं जागा मिळते.

लेबलांच्या भाषेचंही इन्क्लूडशी नातं आहे. एफएक्सएमएलमध्ये लेबलाच्या जागी टक्क्याची खूण आणि एक किल्लीशब्द लिहिला, तर खरा मजकूर भाषेच्या फाइलीतून येतो. बाहेरच्या स्क्रीनला दिलेली भाषेची फाइल आतल्या तुकड्यालाही आपसूक मिळते, वेगळी दिली तरच वेगळी. म्हणजे तोच प्रोग्रॅम जयपुरात हिंदीत आणि पुण्यात मराठीत चालवायचा, तर पत्त्याच्या फाइलीला हातही लावावा लागत नाही. फक्त या भाषेच्या फाइलींतली देवनागरी जावा ८ पर्यंत थेट वाचली जात नसे. प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा सांकेतिक आकडा लिहावा लागे, आणि तशी फाइल डोळ्यांनी तपासणं अशक्य असे. जावा ९ पासून ती यूटीएफ-८ मध्ये वाचली जाते. आपल्या भाषांत काम करणाऱ्यांना त्या बदलानं फार मोठा दिलासा दिला.

इतर टूलकिटांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं सोडवला आहे. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये फाइल नुसती ओढून आणता येत नाही. तिला 'यूजर कंट्रोल' बनवून नाव द्यावं लागतं आणि मग ते नावच टॅग म्हणून वापरायचं. जीटीकेनं २०१३ च्या ३.१० आवृत्तीत टेम्प्लेट आणली, तिथेही फाइल आणि क्लास यांची जोडी बांधलेली असते. क्यूटच्या डिझायनरमध्ये एका फाइलीत दुसरी आणायचा टॅग नाही. रिकामी जागा ठेवून ती अमुक विजेटला 'प्रमोट' करायची. क्यूटच्याच क्यूएमएलमध्ये मात्र मोठ्या अक्षरानं सुरू होणारं फाइलीचं नाव हाच टॅग होतो, आणि मला ती रीत सगळ्यांत स्वच्छ वाटते.

मोझिलानं उलटी दिशा घेतली होती. त्यांच्या झूल भाषेत 'ओव्हरले' असत: मुख्य फाइलीनं बोलवायलाच हवं असं नसे, बाहेरची फाइलच सांगू शके की मला फायरफॉक्सच्या अमुक मेनूत, अमुक बटणाच्या शेजारी बसवा. जोडण्या, म्हणजे ॲड-ऑन, लिहिणाऱ्यांना यानं अफाट मोकळीक दिली. पण त्यामुळे ब्राउझरच्या आतली प्रत्येक फाइल, प्रत्येक आयडी जणू जाहीर करार होऊन बसला. आतलं नाव बदललं की कोणाची तरी जोडणी मोडायची. नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ मध्ये त्या जुन्या जोडण्या बंद झाल्या. तुकड्यानं बाहेर किती दाखवावं, याचा इतका महागडा धडा दुसऱ्या कुठल्या टूलकिटनं क्वचितच दिला असेल.

महाराष्ट्रातलं एक उघडं उदाहरण पाहण्यासारखं आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून 'ओस्डॅग' हे मुक्त सॉफ्टवेअर आलं. आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकाप्रमाणे पोलादी बांधकामाचे सांधे आणि अवयव ते आरेखित करतं, आणि ते पायथन आणि क्यूटमध्ये लिहिलेलं आहे. फिन प्लेटचा सांधा असो की क्लीट अँगलचा, विंडोची ठेवण तीच: डावीकडे माहिती भरायची पट्टी, उजवीकडे उत्तरांची, मध्ये सांध्याचं त्रिमित चित्र. प्रत्येक सांध्यागणिक ही विंडो वेगळी जपायची म्हटली तर किती फाइली होतील! पण तिथे रकान्यांचे तुकडे सारखे नसतात. एका सांध्याला बोल्ट लागतात, दुसऱ्याला वेल्ड. म्हणून त्यांनी एक साचा-विंडो ठेवली आणि प्रत्येक सांध्याच्या मॉड्यूलनं आपल्याला कोणते रकाने हवेत याची यादी तिच्याकडे द्यायची, अशी मांडणी केली. माझं मत असं की तुकडा जसाच्या तसा पाच ठिकाणी लागत असेल तर इन्क्लूड करावं. दर ठिकाणी थोडा वेगळा लागत असेल तर इन्क्लूडच्या फाइलीत 'हे दाखव, ते लपव' अशा अटी भरू नयेत, ओस्डॅगसारखी यादी वापरावी.

बिलातल्या मालाच्या ओळींना इन्क्लूड कधीही लावू नये. दीडशे ओळींच्या बिलासाठी लोडर तीच फाइल दीडशे वेळा उघडून वाचेल आणि काउंटरवरचा जुना संगणक अडखळेल. तिथे जावाएफएक्सचा टेबल व्ह्यू वापरावा. तो पडद्यावर दिसणाऱ्या ओळींपुरतेच रकाने बनवतो आणि सरकवताना तेच पुन्हा वापरतो. पत्ता, देयकाची रीत, जीएसटी क्रमांक तपासणारा रकाना, दुकानाचं शीर्षक, इतकेच तुकडे अशा प्रोग्रॅममध्ये वेगळ्या फाइलीचे धनी आहेत. दुकानदाराला ज्या तुकड्याचं नाव सांगितल्याबरोबर समजतं, त्याची फाइल करावी. 'डावा वरचा भाग' असं नाव द्यावं लागत असेल तर ती फाइल परत मुख्य स्क्रीनमध्ये घालून टाकावी.

शेवटी, वेगळी केलेली फाइल एकटीही चालली पाहिजे. पत्त्याच्या फाइलीसाठी दहा ओळींचा एक चाचणी-प्रोग्रॅम लिहावा, जो फक्त तेवढाच तुकडा एका रिकाम्या विंडोत उघडतो. बिल नाही, ग्राहक नाही, डेटाबेस नाही. त्यात चुकीचे पिन टाकून पाहावेत, टॅबची कळ दाबत रकान्यांचा क्रम तपासावा, लांबलचक पत्ता भरून रकाने फाटतात का ते बघावं, भाषा बदलून लेबलं नीट बसतात का ते पाहावं. हा तुकडा एकटा उघडताना बिलाच्या एखाद्या गोष्टीवाचून अडला, तर त्यात बिलाचं काहीतरी शिरलेलं आहे. ते शोधून बाहेर काढावं आणि मगच पाचही ठिकाणी तो बसवावा.